खंड पडलेलें अनुष्ठान

कुरुळीहून आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. पत्र दीर्घ आहे. त्यांतील अगदीं घरगुती मजकूर बाजूस ठेवून मुद्द्यापुरता भाग आम्ही येथें घेतों. नांव अर्थातच देत नाहीं. प्रश्न एका घरचा असला तरी तो पुष्कळ घरांतून दबल्या आवाजांत विचारला जातो, म्हणून या महिन्याचें हें सदर त्यालाच द्यावें असें आम्हीं ठरविलें.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघून मोशीपुढचा इंद्रायणीचा पूल ओलांडला कीं चिंबळी लागते आणि त्यापुढें खेड तालुक्यांतलें हें कुरुळी गांव. उजव्या हातास आळंदी, डाव्या हातास कांहीं अंतरावर देहू आणि समोर चाकण. एके काळीं शेतीवर चालणाऱ्या या टापूंत आतां मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपांच्या पत्र्याच्या शेडी जागोजाग दिसतात. अशीच एक शेड भाड्यानें घेऊन या भगिनीच्या यजमानांनीं चांगली नोकरी सोडून स्वतःचें काम सुरू केलें. यंत्रासाठीं बँकेचें कर्ज काढलें, आणि त्यास तारण म्हणून सासऱ्यांचें चिंचवडचें घर लिहून दिलें. एका कारखान्यानें बुशांचा नमुना मागविला. नमुना पास झाला तर वर्षभराचें काम. न झाला तर पुढचा हप्ता कोठून आणावयाचा हा प्रश्न.

नमुना देण्यापूर्वीं सासूबाईंनीं गुरुजींस विचारून एकवीस दिवसांचें अनुष्ठान ठरविलें: रोज अथर्वशीर्षाचीं एकवीस आवर्तनें आणि तिन्ही वेळां संकटनाशन गणेशस्तोत्र. संकल्प यजमानांच्या नांवें सोडला; म्हणावयाचें मात्र सुनेनें, कारण सासूबाईंची दृष्टि अधू आणि यजमान पहाटे शेडवर जात ते रात्रींच परतत. चौदाव्या दिवशीं सुनेस अडचण आली. चार दिवस पठण बंद राहिलें. पांचव्या दिवशीं न्हाऊन तिनें तें पुन्हां चालू केलें आणि राहिलेले दिवस भरून काढले. नमुना गेला, आणि परत आला. घरांत तिला कोणी टाकून बोललें नाहीं. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "खंड पडला तेव्हांच माझ्या मनांत पाल चुकचुकली होती." भगिनी लिहितात कीं, यापेक्षां दोन शब्द रागावून बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

आतां दुसरा नमुना द्यावयाचा आहे. सासूबाई म्हणतात, अनुष्ठान पहिल्यापासून करावें. यजमान म्हणतात, कांहीं करूं नको. आणि तिचा प्रश्न असा: "खरेंच माझ्यामुळें झालें का? आतां म्हणायला बसलें तर भीतीपोटीं म्हटल्यासारखें होईल, आणि न म्हटलें व पुन्हां अपयश आलें तर आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाहीं."

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. महत्त्वाच्या कार्यापूर्वीं स्तोत्र म्हणणाऱ्यांची थट्टा करणारांपैकीं आम्ही नाहीं. परीक्षेस निघालेल्या मुलाच्या हातावर दही घालतांना आईच्या ओठीं रामरक्षा असते. रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला, एरवीं देवळाची पायरी न चढणारा मनुष्यहि लहानपणीं पाठ केलेलें मारुतिस्तोत्र आठवूं लागतो. मुलाची परदेशांत नोकरीची मुलाखत असली कीं येथें गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. यांत हिणविण्यासारखें कांहीं नाहीं. गीतेच्या सातव्या अध्यायांत भगवंतांनीं आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले, ज्ञान्यास विशेष मानलें, आणि तरीहि चौघांनाहि उदार म्हटलें. तेव्हां कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढें ठेवून गणपतीसमोर बसणारी स्त्री भक्तांच्याच पंक्तींत आहे. तुकोबांनीं याच इंद्रायणीच्या कांठीं नवसासायासांची खिल्ली उडविली हें खरें, पण ती देवाशीं सौदा करणारांची. संकटांत देवास हांक त्यांनीं स्वतःहि कांहीं कमी मारलेली नाहीं.

घोटाळा होतो तो फलश्रुतीपाशीं. स्तोत्राच्या शेवटीं काय मिळेल हें सांगितलेलें असतें, आणि आपण तें दुकानाच्या पावतीसारखें जपून ठेवतों. अशा स्तुतिपर वाक्यांस मीमांसकांनीं अर्थवाद असें नांव दिलें. मनुष्यास त्या कर्माची गोडी लागावी हें त्यांचें काम. ज्यांस तीं अक्षरशः घ्यावयाचीं असतील त्यांनीं निदान नीट वाचावीं. संकटनाशन स्तोत्र नारदपुराणांतलें म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या शेवटीं फळास सहा महिने व सिद्धीस एक वर्ष अशी मुदत दिली आहे. अथर्वशीर्षाच्या फलश्रुतींत दूर्वांनीं, लाह्यांनीं, सहस्र मोदकांनीं यजन करणारास काय लाभेल तें वेगवेगळें सांगितलें आहे, सहस्र आवर्तनांचाहि उल्लेख आहे. एकवीस दिवसांची मुदत दोहोंतहि नाहीं. एकवीस हा आंकडा गणपतीस प्रिय म्हणून रूढीनें आला. तो आम्हांसहि प्रिय आहे, मोदकांच्या बाबतींत तर विशेषच. परंतु रूढीनें घातलेल्या मुदतींत फळ आलें नाहीं म्हणून सुनेच्या माथीं खापर फोडावें, यास आधार त्या दोन्हीं ग्रंथांत सांपडत नाहीं.

मोठ्या कार्यापूर्वीं केलेल्या अनुष्ठानाचें आपल्या इतिहासांतलें एक ठळक उदाहरण याच पुणें प्रांतावरील स्वारीचें आहे. आणि तें शत्रुपक्षाचें असल्यामुळें अधिक विचार करण्याजोगें आहे. इ. स. १६६५ मध्यें मिर्झा राजे जयसिंग औरंगजेबाच्या वतीनें शिवाजी महाराजांवर चालून आले. कृष्णाजी अनंत सभासदानें पुढें जिंजीस राजाराम महाराजांसाठीं जी बखर लिहिली, तींत या स्वारीच्या आधींची हकीकत दिली आहे. अफजलखान मारला गेला, शाएस्तेखानाच्या डेऱ्यांत शिरून छापा घातला गेला. अशा शत्रूपुढें आपणांस यश कसें यावें या चिंतेनें मिर्झा राजांनीं पुरोहितांस विचारिलें आणि कोटिचंडी, अकरा कोटि लिंगें व बगलामुखी कालरात्रीचा जप असें अनुष्ठान मांडिलें. त्यासाठीं दोन कोटि रुपये वेगळे काढले आणि चारशें ब्राह्मण बसविले. तीन महिने तें चाललें, पूर्णाहुति झाली, दक्षिणा वांटली, मग स्वारी पुढें निघाली. आंकड्यांत बखरकाराचा हात सैल सुटला असेल असें धरूनहि हा खटाटोप लहान नव्हे.

यश आलें. परंतु तें कसें आलें तें पाहिलें पाहिजे. मार्च महिन्यांत पुण्यास येतांच मिर्झा राजांनीं जागोजाग ठाणीं बसविलीं. दिलेरखानास पुढें घालून पुरंदरास वेढा दिला, अवजड तोफा डोंगरावर चढविल्या, एप्रिलांत वज्रगड घेतला आणि तेथून पुरंदरच्या माचीवर मारा चालविला. एकीकडे फौजेच्या तुकड्या मुलूख जाळीत होत्या, दुसरीकडे महाराजांच्या शत्रूंस आणि आसपासच्या जमीनदारांस पत्रें जात होतीं. मुरारबाजी देशपांडे पडले. जूनांत तह होऊन तेवीस किल्ले गेले, बारा महाराजांकडे राहिले. चारशें ब्राह्मण जपास बसविले म्हणून मिर्झा राजांनीं एक तोफहि कमी आणली नाहीं.

त्याच बखरींत दुसऱ्या पक्षाचीहि कथा आहे. भवानीनें महाराजांस सांगितलें कीं, या वेळचा प्रसंग कठीण आहे, या राजास जाऊन भेटावें. पुढें संकट येईल तेव्हां मी पाठीशीं आहें. म्हणजे एकाच पुस्तकांत, एकाच युद्धांत, देवी दोन्हीं बाजूंस आहे. मग फळ कोणाच्या खातीं जमा करावयाचें? ऑगस्ट १६६६ मध्यें महाराज आग्र्याहून निसटले. १६७० मध्यें सिंहगड व पुरंदर परत आले. मिर्झा राजांची विजापुरावरची मोहीम मात्र फसली, बादशहाची मर्जी उडाली आणि १६६७ मध्यें बऱ्हाणपुरास त्यांचा अंत झाला. अनुष्ठानाचा हिशेब जून १६६५ मध्यें मांडला तर पदरांत माप पडलें, १६७० मध्यें मांडला तर सारें पाण्यांत गेलें. चारशेंपैकीं कोणाचा उच्चार चुकला, कोणास मध्येंच सुतक आलें, याची चौकशी सभासद करीत बसला नाहीं. ती चौकशी आपण घरच्या सुनेची करतों.

गीतेकडे पुन्हां वळूं. अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माच्या सिद्धीचीं पांच कारणें दिलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळीं साधनें, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पांचवें दैव. ज्यांच्या कपाटांत १९१५ सालापासून गीतारहस्याची प्रत आहे अशा घरांतहि दैवाचा हा क्रमांक कोणाच्या लक्षांत नसतो. तीं कारणें कुरुळीच्या शेडीस लावून पाहूं. अधिष्ठान ती शेड. कर्ता यजमान आणि त्यांचा एक कारागीर. साधनें म्हणजे लेथ, भोंक कापणारा इन्सर्ट आणि माप घेण्याचा बोअर गेज. क्रिया म्हणजे त्यांनीं त्या दिवशीं केलेलें काम.

भगिनीनें पत्रासोबत कारखान्याच्या तपासणीच्या कागदाची नक्कल पाठविली आहे, हें फार चांगलें केलें. बारा बुशांपैकीं पहिले सात मापांत आहेत. पुढच्या पांचांचें भोंक क्रमानें लहान होत गेलें असून शेवटचें एका मिलिमीटरच्या तीन शतांशांनीं कमी भरलें आहे. आम्हांस यंत्रांतलें फारसें कळत नाहीं, म्हणून तो कागद या धंद्यांत केस पिकलेल्या एका परिचित गृहस्थांस दाखविला. ते क्षणभर पाहून म्हणाले, "इन्सर्ट झिजत गेला आहे आणि बदलला नाहीं. शिवाय जॉब गरम असतांनाच मापला असावा. गरम जॉब मापांत दिसतो, थंड झाला कीं आंखडतो." त्यांनीं अनुष्ठानाविषयीं विचारलें नाहीं, आम्हींहि सांगितलें नाहीं.

हें सारें कागदावर आंकड्यांनिशीं लिहिलेलें असतां दोष चार दिवसांच्या खंडांत कां शोधला गेला? पत्रांत एक वाक्य ओझरतें आलें आहे, तें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. यजमानांनीं घरीं येऊन "रिजेक्ट झालें" एवढेंच सांगितलें. कागद त्यांनीं पिशवींतच ठेवला. तो सुनेच्या हातीं लागला तो पुढें आठ दिवसांनीं, धुण्याचे कपडे काढतांना. सासूबाईंस तर तो अजूनहि कोणी वाचून दाखविलेला नाहीं. ज्या वृद्ध स्त्रीचें घर गहाण पडलें आहे तिला अपयशाचें कारण कोणी सांगितलें नाहीं. तिनें मग आपल्यास ठाऊक असलेल्या जागीं तें शोधलें. सासूबाईंच्या त्या वाक्यापेक्षां यजमानांचें हें मौन आम्हांस अधिक खटकतें. इन्सर्ट बदलावयाचा राहिला हें बोलून दाखविण्यास एक मिनिट लागलें असतें. तें बोललें गेलें नाहीं, आणि दोष उचलण्यास घरांत एक माणूस तयार होतें.

स्तोत्राचा परिणाम शोधण्याचे प्रयत्न इतरत्रहि झाले आहेत. इटलींत पाव्हिया येथील संशोधकांनीं २००१ मध्यें तेवीस निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेंतली मेरीची जपमाळ आणि एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोहोंच्याहि वेळीं श्वास मंदावून मिनिटास सुमारें सहा इतका झाला, आणि हृदयाच्या गतींतहि त्यास अनुरूप असा चांगला बदल दिसला. अमेरिकेंत २००६ मध्यें प्रसिद्ध झालेली दुसरी परीक्षा मोठी होती. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रोग्यांपैकीं कांहींसाठीं परक्या मंडळींनीं प्रार्थना केली, कांहींसाठीं केली नाहीं. आपल्यासाठीं प्रार्थना होईल कीं नाहीं हें ज्यांस ठाऊक नव्हतें त्यांच्यांत प्रार्थनेनें फरक पडला नाहीं: गुंतागुंत एकांत ५२ टक्के, दुसऱ्यांत ५१ टक्के. आपल्यासाठीं प्रार्थना चालली आहे हें ज्यांस निश्चित सांगितलें होतें, त्यांच्यांत मात्र ती ५९ टक्के निघाली. हा फरक योगायोगाचाहि असूं शकेल असें संशोधकांनींच म्हटलें आहे. तेव्हां प्रार्थनेनें अपाय होतो असा अर्थ कोणीं काढूं नये. परंतु म्हणणाऱ्याच्या श्वासावर परिणाम दिसतो आणि ज्याच्यासाठीं दुसऱ्यानें म्हटलें त्याच्यावर दिसत नाहीं, एवढें या दोन परीक्षांवरून म्हणतां येईल. मग कुरुळीस जो हात यंत्रावर चालावयाचा, त्या हाताच्या धन्यानें दोन मिनिटें बसून अथर्वशीर्ष म्हणणें अधिक बरें नव्हे काय? संकल्पांत नांव व गोत्र त्याचें उच्चारलें, "करिष्ये" हें त्याच्या वतीनें म्हटलें गेलें. करीन म्हणणारा एक आणि करणारी दुसरी, ही वांटणी आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

आतां खंडाविषयीं. ज्यांस शास्त्र हवें असेल त्यांनीं पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु काढावा. व्रतास आरंभ झाल्यावर स्त्रीस रजोदर्शन झालें तर उपवासादि देहानें करावयाचे नियम तिनें स्वतः पाळावे आणि पूजा दुसऱ्याकडून करवावी, असा धर्मशास्त्राच्या निबंधांचा निर्णय आहे. आरंभलेलें दीर्घ तप त्यामुळें अडत नाहीं असेंहि जुनें वचन त्यांतून उद्धृत केलेलें आढळतें. तेव्हां शास्त्रानें पाहिलें तरी सुनेकडून खंड पडला नाहीं. चार दिवस दुसऱ्यानें म्हणावयाचें होतें, आणि तो दुसरा, ज्याच्या नांवें संकल्प सोडला तोच, त्याच घरांत राहत होता.

आमचें स्वतःचें मत याच्याहि पुढें जातें. ऋषिपंचमीचें व्रत आमच्या आज्या करीत, तें विटाळांतल्या कळत नकळत घडलेल्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून. त्याच ऋषिपंचमीस पहाटे पुण्यांत दगडूशेठ हलवाई गणपतीपुढें हजारों स्त्रिया बसून एका सुरांत अथर्वशीर्ष म्हणतात. स्त्रियांस वेदमंत्राचा अधिकार नाहीं असें बजावणारांचे नातू रस्त्याच्या कडेस उभे राहून तें ऐकतात आणि घरीं जाऊन कौतुकानें सांगतात. त्या हजारोंत त्या पहाटे किती जणींस अडचण असेल, याची मोजदाद गजाननानें ठेवली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. जी गोष्ट आरोग्याचें लक्षण आहे तिला कार्यनाशाचें कारण समजणें आतां पुरे झालें.

भगिनीस आमचें उत्तर असें. आपल्यामुळें कांहीं झालें नाहीं. अनुष्ठान पहिल्यापासून करूं नये. भयानें मोजलेलीं आवर्तनें म्हणजे आणखी एक हप्ता होतो. मात्र स्तोत्रहि टाकूं नये. आपणांस तें आवडतें, लग्नाआधींपासून पाठ आहे, असें आपणच लिहितां. रोज एकदां, जमेल त्या वेळीं, आंकडा न ठेवतां म्हणावें. यजमानांनीं शेड उघडल्यावर यंत्र चालू करण्यापूर्वीं एकदां म्हणावें. त्यांस येत नसेल तर आपण शिकवावें. आणि किती जॉबांनंतर इन्सर्ट बदलावयाचा तो आंकडा खडूनें यंत्राशेजारीं लिहावा. गणपतीच्या तसबिरीखालीं लिहिला तरी आमची हरकत नाहीं.

सासूबाईंस वेगळें लिहिण्याचें कारण नाहीं, कारण हा अंक घरांत प्रथम त्यांनाच वाचून दाखविला जातो असें पत्रांत आहे. आपण घर गहाण ठेवण्यास संमति दिलीत. मुलाच्या कर्तबगारीवर एवढा विश्वास पुष्कळ आयांना ठेवतां येत नाहीं. आपली पाल चुकचुकली यांत नवल नाहीं. आपणांस कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें. आज संध्याकाळीं मुलास समोर बसवून तो कागद वाचून घ्यावा, बारा बुश कोणते आणि पांच कां नापास झाले तें विचारावें. समजलें नाहीं तर पुन्हां विचारावें. तो कंटाळला तरी सोडूं नये.

पत्राच्या शेवटीं भगिनीनें एक बारीकशी गोष्ट विचारली आहे. दुसरा नमुना ज्या तारखेस जावयाचा, नेमकी त्याच सुमारास त्यांस अडचण येण्याचा संभव आहे. त्या दिवशीं देवापुढें दिवा लावावा कीं नाहीं? लावावा. आणि सासूबाईंनीं जवळ बसून वात तेवढी सारखी करून द्यावी.